डोळा लवणं वेगळं, गाल वळवळणं वेगळं

मार्चअखेरच्या आठवड्यात रात्री साडेअकराला आतेबहिणीचा फोन आला. "ताई, मला बहुतेक एमएस झालाय." बहीण ठाण्याची, नोकरी अंधेरीला, आणि वर्षअखेरच्या हिशेबांमुळे तीन आठवडे रात्री नऊच्या आधी ऑफिसातून सुटका नाही. डावा डोळा पाच दिवसांपासून लवत होता. आत्याने आधीच निकाल देऊन टाकला होता की बाईचा डावा डोळा लवणं शुभ, काहीतरी चांगलं होणार. बहिणीने आईवर विश्वास ठेवला नाही, गुगलवर ठेवला. तिथे 'मायोकिमिया' हा शब्द सापडला, त्याच्या खाली मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचा आजार, आणि झोप उडाली.

मी परळजवळच्या एका इस्पितळात ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज तपासायच्या खोलीत काम करते. पेशंट तिला करंटची खोली म्हणतात. मी डॉक्टर नाही. सुई डॉक्टर टोचतात, मशीन आणि पेशंटचा हात धरणं माझ्याकडे. पण सतरा वर्षांत फडफडणारे, आखडणारे, वाकडे झालेले इतके चेहरे पाहिले आहेत की बहिणीला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही: "तू गुगलला चुकीचा प्रश्न विचारलास. चेहरा हलतोय का, हे विचारू नकोस. कसा हलतोय, कुठपर्यंत हलतोय आणि सोबत आणखी काय आहे, ते सांग."

तिचं उत्तर सोपं होतं. फक्त खालची पापणी. येते-जाते. आरशात बघायला जावं तर थांबते. सोबत काही नाही. झोप पाच तास, चहा सहा कप.

हे आपल्या सगळ्यांचं डोळा लवणं. पापण्या मिटणारा जो गोल स्नायू डोळ्याभोवती असतो, त्याचे थोडेसे तंतू आपल्या मर्जीने आकसत राहतात. जागरण, ताण, चहा-कॉफी, तासन्‌तास स्क्रीन, कोरडे डोळे ही नेहमीची कारणं. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतं. शुभही नाही, अशुभही नाही. घोळ नावाचा आहे. या साध्या लवण्यालाही डॉक्टरी भाषेत 'आयलिड मायोकिमिया', म्हणजे पापणीचा मायोकिमिया म्हणतात. आणि एमएसमध्ये क्वचित दिसतो तो 'फेशियल मायोकिमिया', चेहऱ्याचा. आडनाव एकच, पण बिऱ्हाडं वेगळी. सर्च इंजिनला आडनाव कळतं, बिऱ्हाड कळत नाही.

मायोकिमिया हा शब्द जर्मन डॉक्टर फ्रीडरिश शुल्त्सं यांनी १८९५ साली वापरात आणला. ग्रीकमध्ये 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'कीमा' म्हणजे लाट. शब्द अगदी नेमका आहे, कारण फेशियल मायोकिमियात चेहरा फडफडत नाही, झटके देत नाही, त्याच्यावरून लाटा जातात. दूध तापायला ठेवलं की उतू जायच्या बरंच आधी साय जशी जागच्या जागी थरथरते, मध्येच एखादी सुरकुती एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकते, तसं. इंग्रजी पुस्तकांत त्वचेखाली अळ्या वळवळाव्यात अशी उपमा देतात. ती बरोबर आहे, पण पेशंटसमोर तोंडातून काढवत नाही.

ही हालचाल बहुतेक वेळा चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते. अनेकदा सुरुवात डोळ्यापाशी होते, म्हणून पहिले काही दिवस साध्या लवण्यासारखीच वाटते. मग गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी, हनुवटीपर्यंत उतरते. आणि ती येत-जात नाही, चालूच राहते. बोलताना, गप्प बसल्यावर, मन दुसरीकडे असताना, सतत. दुखत नाही. कित्येकांना नीट जाणवतही नाही, समोरच्यालाच आधी दिसतं.

आमच्याकडे अशीच एक मुलगी आली होती, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, कल्याणहून. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते आहे. तिच्या गालाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते सासूचं. सकाळी खिडकीपाशी बसून दोघी मेथी निवडत होत्या, आणि बाजूने आलेल्या उन्हात सुनेचा डावा गाल पाण्यासारखा हलताना दिसला. इथेही डावी बाजू! चार दिवस घर खुशीत होतं. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली की डावीकडे बघितलं की रिक्षा दोन दिसतात, आणि मग डॉक्टरांकडे आले.

टेबलावर झोपवून डॉक्टरांनी गालात बारीक सुई घातली. ईएमजी मशीन स्नायूतली वीज नुसती दाखवत नाही, ऐकवतेही. निवांत पडलेला स्नायू गप्प असतो, स्पीकरमधून काहीच येत नाही. हिच्या गालातून यायला लागलं ते: धडधडधड, शांतता, धडधडधड, शांतता. पुस्तकात याला कवायत करणाऱ्या सैनिकांच्या पावलांचा आवाज म्हणतात. मला दरवेळी शिवाजी पार्कवरची २६ जानेवारीच्या संचलनाची तालीम आठवते, लांबून ऐकलेली, जेव्हा बँड थांबलेला असतो आणि नुसती पावलं ऐकू येतात. एकच मज्जातंतू, त्याच्या ताब्यातले स्नायूचे तेवढेच धागे, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. ती मुलगी पडल्या पडल्या म्हणाली, "हा माझा आवाज आहे?"

आता हे होतं का? त्यासाठी मेंदूच्या देठात उतरावं लागेल.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस ही मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी. तिचं मूळ केंद्र मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागात असतं. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल, आकाराने हा जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच. एवढ्याशा जागेत प्रचंड गर्दी. आणि सातव्या नसेचे तंतू तिथून सरळ बाहेर पडत नाहीत. आधी उलट मागे जातात, सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालतात, आणि मग पुढे येऊन बाहेर पडतात. दादरहून सायनकडे जाताना किंग्ज सर्कलच्या बागेला वळसा पडतो, तसा. सहावी नस डोळा बाहेरच्या बाजूला वळवते. म्हणजे या वळणावर खड्डा पडला तर गालही बिघडणार आणि डोळाही. त्या मुलीचा गाल वळवळणं आणि डावीकडे बघताना दोन रिक्षा दिसणं ही दोन दुखणी नव्हतीच. एका वळणावरचा एकच खड्डा होता. माझ्या मते या सबंध विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट ही आहे. हालचाल आधी जागा सांगते. रोगाचं नाव नंतर.

खड्डा म्हणजे काय, तर वेष्टण गेलेलं. मज्जातंतूंवर मायलिनचा थर असतो, वायरीवर असतं तसा. फरक इतकाच की हा थर सलग नसतो, मध्ये मध्ये मोकळ्या फटी असतात, आणि संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो. फास्ट लोकल जशी मधली स्टेशनं गाळते. वेष्टणवाल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावू शकतो. मुळात वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तोच वेग सेकंदाला एक-दोन मीटर. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मायलिनवर तुटून पडते. जिथे तुटून पडते तिथे सूज, आणि मागाहून घट्ट चट्टा. पॅरिसच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं ते या चट्ट्यांवरूनच. स्क्लेरोसिस म्हणजे घट्ट होणं, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी. 

इथे एक शंका यायला हवी. वायर खराब झाली तर दिवा विझायला पाहिजे, म्हणजे चेहरा लुळा पडायला हवा. हा जास्तीचा हलतो कसा? ज्याने जुन्या चाळीत पावसाळे काढले आहेत त्याला उत्तर माहीत आहे. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत वायरीचं वेष्टण झिजलेलं असलं आणि ओल आली, की दिवा नुसता जात नाही. तडतडतो, मध्येच आपोआप लागतो, शेजारच्या बिऱ्हाडाची घंटा वाजते. उघड्या पडलेल्या मज्जातंतूचंही तसंच. तो चटकन पेटतो. वरून हुकूम आलेला नसताना स्वतःच संदेश सोडतो, आणि खेटून असलेल्या दुसऱ्या तंतूलाही उठवतो. दुसरं एक स्पष्टीकरण असं की केंद्राला आवर घालणारे वरचे तंतूच तुटतात, आणि लगाम सुटलेलं केंद्र आपल्याच तालात चालू राहतं. दोन्हींत तथ्य असावं. अतिरेकी हालचाल आणि अशक्तपणा कधी कधी एकाच गालात सोबत नांदतात; वळवळही आहे आणि हसताना ती बाजू किंचित मागेही पडते. असं दिसलं की आमचे डॉक्टर घाईत येतात.

पॉन्समधून बाहेर पडल्यावर नसेचं वेष्टण वेगळ्या पेशी बनवतात आणि तिथे एमएसचा हात पोचत नाही. म्हणून बाहेरच्या बिघाडाचा चेहरा वेगळा दिसतो. उदाहरणार्थ हेमिफेशियल स्पॅझम, जो फेशियल मायोकिमियापेक्षा आमच्याकडे कितीतरी जास्त येतो. यात मेंदूतून बाहेर पडतानाच्या नसेला बहुधा एखादी रक्तवाहिनी घासत असते. वय साधारण चाळिशीच्या पुढचं. डोळा झटक्याने मिटतो आणि त्याच क्षणी ओठाचा कोपरा वर ओढला जातो, जणू कुणी दोरी खेचली. झोपेतही थांबत नाही. मशीनवर फटाक्यांच्या माळेसारखा आवाज येतो, तडतडून गप्प. त्यावर बोटॉक्सची इंजेक्शनं किंवा नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये गादी ठेवायचं ऑपरेशन असे उपाय आहेत. दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत राहणं हे आणखी तिसरंच, त्याला ब्लेफरोस्पॅझम म्हणतात. आणि चेहरा हलतच नाही, एका रात्रीत वाकडा झालाय, तर ते बेल्स पाल्सीसारखं काही. तिथे दिवस घालवू नयेत. सोबत हातात किंवा बोलण्यात फरक असेल तर तो लकवा समजून तासाभरात इस्पितळ गाठायचं.

फेशियल मायोकिमिया दिसला म्हणजे एमएस, असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरमान ओपेनहाइम यांनी या दोघांचं नातं दाखवलं, आणि तेव्हापासून तरुण माणसाच्या गालावर लाटा दिसल्या की डॉक्टरांच्या मनात एमएस येतोच. पण पॉन्समधली गाठही हेच करू शकते, विशेषतः लहान मुलांमध्ये. आपल्या देशात क्षयाची गाठ हीही शक्यता डोक्यात ठेवावी लागते. जीबीएस, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम, या नसांच्या आजारातही वळवळ दिसते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात या आजाराचे पेशंट एकदम वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्यात बिघाड बाहेरच्या नसांमध्ये असतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना.

उलट बाजूने बघा. एमएसची सुरुवात गालापासून होणं हे विरळच. जास्त करून सुरुवात होते ती अशी: एका डोळ्याने दोन-चार दिवसांत धूसर दिसायला लागणं, डोळा फिरवला की दुखणं, लाल रंग विटल्यासारखा दिसणं. पाय बधिर होणं, मुंग्या. कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून करंट गेल्यासारखं होणं. शरीर तापलं की सगळं वाढणं. या शेवटच्या गोष्टीवरून पूर्वी परदेशात निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवत. मुंबईत टबाची गरज नाही, मे महिन्यातली दुपारची लोकल पुरते.

ही लक्षणं २४ तासांपेक्षा जास्त टिकतात, दिवसेंदिवस राहतात, आणि मग बऱ्याच वेळा आपोआप ओसरतात. खरी गोम या ओसरण्यात आहे. आपल्याकडे दुखणं ओसरतं तेव्हा शेवटी जे काही केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं: मानेचा पट्टा, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, काढा, नवस. त्या कल्याणच्या मुलीला डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी काही? ती नाही म्हणाली. सासूच म्हणाली, "अगं, गणपतीत तुझी चप्पल पायातून निसटायची आणि तुला कळायचंसुद्धा नाही, ते सांग ना." सात महिन्यांपूर्वी दोन आठवडे दोन्ही तळपाय बधिर होते. कुणीतरी स्पाँडिलायटिस म्हणून मालिश सांगितलं, मालिश चालू असताना बरं वाटलं, विषय संपला.

डॉक्टरांसाठी ते वाक्य एमआरआयइतकंच मोलाचं होतं. एमएसचं निदान दोन गोष्टींवर उभं असतं. मज्जासंस्थेत एकापेक्षा जास्त ठिकाणी घाव हवेत, आणि ते वेगवेगळ्या वेळी झालेले हवेत. न्यूझीलंडचे डॉक्टर इयन मॅक्डॉनल्ड यांच्या नावाने हे निकष २००१ साली आले आणि नंतर अनेकदा सुधारले गेले. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम दिलं की ताजे घाव उजळतात, जुने उजळत नाहीत, म्हणून कधी कधी एकाच एमआरआयमध्ये जागा आणि वेळ दोन्ही कळतात. तिच्या पॉन्समधला डाग उजळला. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचे आणि मानेतल्या कण्यातला डाग तसेच राहिले, जुने.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर घरचे घाबरले. सगळेच घाबरतात, पाणी काढलं की माणूस अधू होतो हा समज परळपासून पालघरपर्यंत पसरलेला आहे. सुई जिथे टोचतात तिथे पाठीचा कणा असतो, पण त्याच्या आतला मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर दोन दिवस डोकं दुखू शकतं, एवढं खरं. त्या पाण्यात प्रथिनांचे विशिष्ट पट्टे सापडले तर निदानाला बळ मिळतं. रक्ताची एक तपासणीही केली: एनएमओ नावाचा एमएसचा जुळा भासणारा आजार आहे, त्यात अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. हे वगळणं महत्त्वाचं, कारण एमएसची काही औषधं एनएमओ बिघडवतात.

एमएस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाही, असं जुनी मंडळी म्हणायची. युरोपच्या मानाने भारतात प्रमाण खरंच कमी आहे, पण नाही असं नाही. मुंबईपुरती एक वेगळी गोष्ट म्हणजे पारशी समाज. डॉ. नोशीर वाडिया यांनी, ज्यांनी जेजे इस्पितळात मेंदूविकाराचा विभाग उभा केला, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं की पारशांमध्ये हे प्रमाण इतर भारतीयांहून बरंच जास्त आहे. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. कारणांपैकी एपस्टाइन-बार विषाणूचा धागा सगळ्यात पक्का आहे; अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली दिसलं की त्याच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट होतो. पण हा विषाणू जगातल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होऊन जातो, तेव्हा त्याचीही धास्ती घेऊन उपयोग नाही.

कुणाला शंकाच असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा: व्हिडिओ. साधं लवणं दवाखान्यात गेल्यावर हटकून थांबलेलं असतं. खिडकीच्या बाजूला बसा, उजेड समोरून नको, बाजूने पडू दे. बारीक लाटा समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. चेहरा ढिला सोडा, बोलू नका, एक मिनिट सलग. मग घट्ट डोळे मिटून, दात दाखवून आणखी थोडं. पापणीच्या पलीकडे गालावर उतरलेली हालचाल, तीन आठवडे उलटूनही थांबत नसलेली, किंवा सोबत दोन दिसणं, बधिरपणा, चालताना झोक जाणं यांतलं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडेच जा. डोळ्यांच्या दुकानात चष्म्याचा नंबर काढून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बहिणीने मला व्हिडिओ पाठवला. खालची पापणी, बस्स. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती दहा तास झोपली आणि मंगळवारपर्यंत डोळा शांत झाला. आत्या अजून शुभवार्तेची वाट बघते आहे.

त्या मुलीला पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. दोन दिसणं लवकर गेलं, गाल थांबायला जवळजवळ दोन महिने लागले. वळवळ फार त्रास देत असेल तर कार्बामाझेपिनसारखी गोळी देतात, पण बहुतेकांची आठवड्या-महिन्यांत जाते. पुन्हा तपासणीला आली तेव्हा तिचा प्रश्न होता, "गाल थांबला, पाय ठीक आहेत, मग आता औषध कशासाठी?" डॉक्टर म्हणाले, झालेल्या घावासाठी नाही, पुढच्या घावासाठी. १९९३ पर्यंत पुढचा घाव टाळणारं मान्यताप्राप्त औषधच नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत पहिलं इंटरफेरॉन आलं. आता बरीच आहेत, महाग आहेत, आणि आपल्याकडे त्यातल्या त्यात परवडणारं म्हणून रिटुक्सिमॅब पुष्कळ वापरतात. अपंगत्व आलंच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, प्रमाणपत्र मिळतं.

तिला आता सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून औषध घ्यायचं असतं. तारीख मोबाइलमध्ये टाकलीय का विचारलं तर हसली, दोन्ही गालांनी सारखीच. म्हणाली, मोबाइलमध्ये नाही, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सासूबाईंनी लाल पेनाने गोल करून ठेवलाय, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.